सहा टाक्यांचा करार

२ मार्च

गाडी आली. काळी, उंच, आणि समोरून पाहिली तर कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी. चाकं माझ्या मांडीला लागतात. टपावर लोखंडी जाळी, जाळीवर आठ दिव्यांची पट्टी, पुढे रेडा अडवायला लावतात तसला आडवा दांडा. उजव्या अंगाला वर गेलेली जाड नळी, नदीतून जाताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून. मागे पिकअपच्या उघड्या हौद्याच्या कडेला वीस लिटरचा लाल डबा, पट्ट्यानं आवळलेला. तो शोभेचा आहे असं सेल्समन म्हणाला, पण शोभाच इतकी की मी दोन मिनिटं नुसता डब्याकडे बघत उभा होतो. मी आजवर एकही नदी गाडीनं ओलांडलेली नाही. पण निवृत्त माणसानं तयारीत राहिलेलं बरं.

ही खाली आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यातून आपण काय आणणार? भाजी?"

सेल्समन म्हणाला, गाडी चौदाचं ॲव्हरेज देते. मी विचारलं, कुणी मोजलं? म्हणाला, कंपनीनं. मला हसू आलं. सत्तावीस वर्षं मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारानं स्वतः तपासून दिलेलं वजन मी एकदाही मान्य केलेलं नाही.

३ मार्च

करार झाला. हिचं म्हणणं, छोटी गाडी पुरली असती, हे धूड नुसतं डिझेल पिणार. मी म्हटलं, मुद्दा मोजमापाचा आहे ना, मग मोजू. कागदावर लिहून काढलं. सहा टाक्या. सहाही टाक्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. दहाच्या वर पडले तर गाडी राहणार आणि पुन्हा कुणी तोंडातून ब्र काढायचा नाही. दहाच्या खाली, तर गाडी विकायची आणि ही म्हणेल ती छोटी गाडी आणायची. रंगसुद्धा हीच ठरवणार. मी सही केली. हिनं गॅसपुढे उभ्या उभ्या सही केली, कागद न वाचता.

पद्धत अशी: तोच पंप, तीच नळी, नळीनं पहिल्यांदा 'खट' केलं की थांबायचं. पुढचं सगळं भागाकारावर. गाडीतला डिझेलचा काटा आणि पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा हे दोघेही कंपनीचे साक्षीदार, म्हणून दोघांवर काळी चिकटपट्टी लावली. निकाल फक्त पंपावर लागेल.

११ मार्च

आज कुठे जायचं नव्हतं म्हणून घरातली मापं तपासली. परिस्थिती भयंकर आहे. स्वयंपाकघरात तीन वाट्या आहेत आणि ही तिन्ही 'एक वाटी' म्हणून वापरते. पाणी भरून मोजलं. एकशे ऐंशी, एकशे पंच्याण्णव आणि दोनशे दहा मिलिलिटर. म्हणजे एकतीस वर्षं आमच्या घरात अंदाजपंचे कारभार चालू आहे आणि मी बाहेर गावभर लोकांचे तराजू जप्त करत हिंडत होतो. मधल्या वाटीवर लाल रेघ मारली, बाकीच्या दोन बाद करून माळ्यावर टाकल्या. बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या: भरल्याची तारीख आणि वजन. ही काही बोलली नाही. पटलं असावं.

लोक म्हणतात निवृत्तीनंतर वेळ जात नाही. मला आठ महिने झाले, मला तर पुरत नाही. सकाळपासून हिच्याबरोबरच असतो. ही स्वयंपाकघरात गेली की मी तिथे, बाल्कनीत गेली की मी तिथे, फोनवर बोलायला लागली की कुणाचा आहे ते विचारतो, म्हणजे तिला सांगायचे कष्ट नकोत. इतकी वर्षं दौऱ्यांपायी सोबत देता आली नाही, ती सगळी भरून काढतोय. फक्त दुपारी दोन ते चार झोपतो, कानात कापूस घालून. बेडरूम रस्त्याच्या बाजूला आहे आणि रस्त्यावरचे लोक हॉर्नवर हात ठेवूनच जन्माला आलेत.

२१ मार्च

पहिली टाकी. नऊ पूर्णांक सहा.

कंपनीच्या चौदाचं काय झालं ते विचारायला मेकॅनिककडे गेलो. तो बुटका आहे, बोलायला फटकळ आहे, पण हात चांगला. त्यानं गाडीभोवती फिरून एकेका वस्तूवर पाना वाजवला. टपावरची जाळी हवा अडवते. दिव्यांची पट्टी हवा अडवते. पुढचा दांडा साठ किलोचा. गाडी उंच केलीय, म्हणजे खालूनही हवा अडते. टायर रुंद आणि खडबडीत, रस्त्याला चिकटून चालतात. कंपनी तिच्या खोलीत रोलरवर चाकं फिरवते, तिथे ना वारा ना चढ. मग म्हणाला, "साहेब, ही गाडी डोंगरात जात नाही. डोंगरात जाऊन आल्यासारखी दिसते. चारही चाकांना जोर नाही हिच्यात, फक्त मागच्या दोन."

मला माहीत आहे, असं मी म्हणालो. मला माहीत नव्हतं.

२९ मार्च

तळमजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठलं. त्यांच्या मते माझी गाडी दुपारी मागच्या अंगणात घुरघुरत असते. आठ-दहा दिवस ऐकतायत. मी समजावलं की तो पाण्याचा पंप असेल, बंद गाडी कशी घुरघुरेल. काका ऐंशीच्या पुढचे. वयोमानानं कानही आपापलं चालवायला लागतात.

संध्याकाळी गाडीत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पार पुढे सरकवलेली. हा त्या बुटक्याचा प्रताप. रेडिओही त्यानं बदलून ठेवलाय. मी बातम्या लावतो, हा जुनी गाणी लावतो. त्याच्या तोंडाकडे बघून वाटत नाही, पण आवड बरी आहे. शेजारच्या सीटवर आमच्या सोफ्याची उशी सापडली. ती तिथे कशी आली कोण जाणे. वर आणून जागेवर ठेवली. हिला म्हटलं, घरातल्या वस्तूंना पाय फुटलेत. ही म्हणाली, "हो ना, कंटाळत असतील."

५ एप्रिल

दुसरी टाकी. सात पूर्णांक चार.

तेच रस्ते, तोच पाय, आणि दोन किलोमीटर गायब. चोरी, हा पहिला संशय. टाकीच्या झाकणाला कुलूप बसवून घेतलं, किल्ली दारामागच्या खिळ्यावर. रोज संध्याकाळी कुलूप तपासतो. कुणीही हात लावलेला नाही.

लेकीचा फोन आला. ती नोकरीसाठी लांबच्या शहरात असते. मी तिला ॲव्हरेजचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आईला जरा वेळ द्या." मी म्हटलं, अगं, चोवीस तास देतोय. ती म्हणाली, मीटिंग आहे, ठेवते.

१६ एप्रिल

तिसरी टाकी. सात पूर्णांक एक. आणि तेही गाडीला नागवं केल्यावर.

गेल्या दहा दिवसांत टपावरची जाळी काढली, दिव्यांची पट्टी काढली, पुढचा दांडा काढला. श्वासाची नळीसुद्धा उतरवली, वर भोकाला झाकण लावलं. गाडी आता रांगड्या पहिलवानासारखी नाही, पहिलवानाच्या मुंज झालेल्या मुलासारखी दिसते. फक्त लाल डबा ठेवला. त्याला वारा लागत नाही, तो हौद्याच्या आडोशाला आहे, असं मी स्वतःला पटवलं.

टायरांचीही भानगड निघाली. सेल्समननं हौसेनं एक नंबर मोठे टायर बसवून दिले होते. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर जातं, पण गाडीच्या मीटरला ते कळत नाही, तो जुनाच हिशोब लावतो. मी मैलाचे दगड धरून तपासलं. पन्नास किलोमीटरला मीटर अठ्ठेचाळीस दाखवतो. म्हणजे इतके दिवस माझीच गाडी मला दर शंभरात चार किलोमीटर कमी सांगत होती. एरवी या शोधानं मी मोहल्ल्यात पेढे वाटले असते. आकडे सुधारून पुन्हा भागाकार केला. सात पूर्णांक एक हा सुधारल्यानंतरचा आकडा आहे. मी हात टेकले.

१७ एप्रिल

हिला सांगितलं की उरलेल्या तिन्ही टाक्यांना चौदा-चौदा पडले तरच आपण दहाला पोचतो, आणि ते आता देवही करू शकत नाही, तेव्हा रंग ठरवून ठेव. तिनं हातातली भाजी खाली ठेवली. "म्हणजे गाडी जाणार?" मी म्हटलं, करार आहे. करारावर तिचीही सही आहे.

मग एक नवल घडलं. ही माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, हे ॲव्हरेज तुम्ही नेमकं काढता कसं, मला नीट सांगा. एकतीस वर्षांत हिनं माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा इतकं विचारलं. मी कागद घेतला, टाकीचं चित्र काढलं, नळी काढली, 'खट' कुठे होतं ते दाखवलं. समजा गाडी हललीच नाही आणि नुसती चालू राहिली तर, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तर ते डिझेल फुकट, किलोमीटर शून्य, ॲव्हरेज मातीत. तिनं मान हलवली. मग विचारलं की पंपावर जाण्याआधी टाकीत डिझेल जास्त असेल तर पंपावर कमी बसणार, हो ना? मी म्हटलं, अगदी बरोबर, पण टाकीत जास्त असणार कुठून, आकाशातून? बाई हुशार आहे. वेळीच खात्यात घातली असती तर माझ्यावर साहेब झाली असती. सबंध तास माझ्या डोळ्यांत बघून ऐकत होती. मला फार बरं वाटलं.

३० एप्रिल

बारा पूर्णांक आठ. चौथी टाकी.

पंपावरच्या बाईंना पावती दोनदा छापायला लावली. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं, काहीतरी बोलणार होत्या, मग मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

कारण मला माहीत आहे. पंधरा दिवस मी बूट काढून, नुसत्या मोज्यांवर गाडी चालवतोय. तळव्याला पेडल कळतं. पायाखाली पिकलेलं फळ आहे असं समजून दाबायचं. सिग्नलच्या दोनशे मीटर आधी पाय उचलायचा आणि मागचे काय शिव्या देतात त्याकडे लक्ष द्यायचं नाही. ही सगळी कला आहे आणि ती उतारवयातच येते.

घरी येऊन हिला आकडा सांगितला. तिनं चटकन विचारलं, चौदा नाही झालं का?

४ मे

गाडी धुतली. लाल डब्याला डिझेलचा वास येतो. मी तर त्याचं झाकण कधी उघडलेलंसुद्धा नाही. शोभेच्या वस्तूलाही वास लावून विकतात म्हणजे कमाल आहे. याला म्हणतात अस्सल माल.

१२ मे

पाचवी टाकी. सोळा पूर्णांक दोन. सोळा. पूर्णांक. दोन.

कंपनीनं बंद खोलीत, वाऱ्याशिवाय, चढाशिवाय चौदा काढलं. मी भर रस्त्यात, नुसत्या मोज्यांवर सोळा काढलं. पाच टाक्यांचा एकूण आता कराराच्या उंबरठ्यावर आलाय. सहावीला पंधराच्या आसपास पडले की गाडी माझी.

पावतीचा फोटो 'चिखल मंडळा'त टाकला. असल्याच पिकअप बाळगणाऱ्यांचा हा फोनवरचा गट. त्यात चिखलात गेलेला एकही नाही. गटाचा म्होरक्या दातांचा डॉक्टर आहे, पण चौदा खिशांचं जाकीट घालून फिरतो आणि स्वतःला कमांडर म्हणवतो. त्याची गाडी आठ देते. फोटो टाकून अर्धा तास मी फोनकडेच बघत होतो. मग एकानं लिहिलं, उतारावरून ढकलत नेली होती का? मी नाकावर टिच्चून माझ्या पद्धतीवर चार परिच्छेद लिहिले.

१५ मे

कमांडरनं आव्हान दिलंय. चोवीस तारखेला, मंडळासमोर, माझ्याच पंपावर टाकी भरायची. झाकणाला त्याचा शिक्का. तीनशे किलोमीटरचा फेरा, चार गाड्या मागे. परत तिथेच भरायची. सोळा निघाले तर तो मला सगळ्यांसमोर गुरू मानणार. नाही निघाले तर मी गटात सगळ्यांसमोर मान्य करायचं की मी फेकत होतो. मी ताबडतोब हो म्हटलं. हीच सहावी टाकी धरणार, म्हणजे कराराचाही निकाल लागेल.

हिला सांगितलं तर गॅस बंद करून बाहेर आली. मग दिवसभर माझ्या मागे लागली. जाऊ नका. तब्येत बरी नाही म्हणा. लोकांना काय सिद्ध करून दाखवायचंय. मी म्हटलं, तूच तर पैज लावलीस. ती म्हणाली, ती मी मागे घेते, गाडी राहू दे. पण अशी दयेची गाडी मला नको, ती मापानं मिळाली पाहिजे. तिला वाईट वाटलेलं दिसलं. मी हरेन अशी भीती वाटत असणार. तिला म्हटलं, तूही चल, माझी कला बघ.

२४ मे

हे सगळं क्रमानं लिहितो, नाही तर लिहून होणार नाही.

सकाळी सातला टाकी भरली. कमांडरनं दाताचा साचा घेतात तो गुलाबी लगदा आणला होता, तो झाकणावर थापून वर स्वतःचा अंगठा उमटवला. ही माझ्या शेजारी बसली. मी मोज्यांवर. तीनशे किलोमीटर मी तिला समजावत होतो, आता पाय असा, आता असा. ती खिडकीबाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, आपण इथूनच परत जाऊ या का? मला वाटलं कंबर धरली असेल.

दुपारी परत पंपावर. शिक्का शाबूत. नळी लावली. वीस लिटरला 'खट' व्हायला हवं होतं. वीस गेले. पंचवीस गेले. तीस पूर्णांक नऊला थांबली. नऊ पूर्णांक सात.

कमांडर हसला नाही. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, ते जास्त लागलं. मागच्या चौघांपैकी एकजण फोनवर टाईप करायला लागला होता.

मी पंपावरच्या बाईंना म्हटलं, पाच लिटरचं माप आणा. प्रत्येक पंपावर ते ठेवावंच लागतं, ग्राहकानं मागितलं की त्यात पाच लिटर ओतून दाखवायचे. त्यांनी आणलं, ओतलं. रेघेवर. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. मी म्हटलं पुन्हा. पुन्हा रेघेवर. मी म्हटलं तुम्ही यंत्रात काहीतरी केलंय, गेल्या दोन खेपांना याच नळीनं मला वेगळं दाखवलं, नळी बंद करा, मालकाला बोलवा, पंचनामा होईल. सत्तावीस वर्षं वापरलेला आवाज आपसूक निघाला. त्या बाईंचा चेहरा उतरला. काहीही न करता सापडलेल्या माणसाचा उतरतो तसा. हात पुसत त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

ही गाडीतून उतरली.

"त्यांना बोलू नका," ती म्हणाली. "पंप बरोबर आहे. डिझेल मी टाकत होते."

मग पंपावरच्या बाईच बोलल्या, की हो, या ताई चारदा लाल डबा घेऊन आल्या होत्या स्कूटरवर, मला वाटायचं तुमची गाडी दरवेळी रस्त्यात कुठेतरी बंद पडते. कमांडरनं जाकिटाच्या एका खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. तो हसत होता की काय, बघायची माझ्यात ताकद नव्हती. मी त्या बाईंची माफी मागितली. इतक्या वर्षांत पंपावरच्या माणसाची मी पहिल्यांदाच माफी मागितली. मग मंडळातल्या सगळ्यांसमोर म्हटलं की माझं चुकलं, आणि गाडीत बसलो.

घरापर्यंत पाच किलोमीटर आहेत. दोन गेल्यावर मी विचारलं, का?

तिनं सरळ सांगितलं. मी झोपलो की ती खाली जाते. गाडी चालू करते, एसी लावते, गाणी लावते. मार्चच्या मध्यापासून रोज. म्हणून ॲव्हरेज पडलं. गाडी जाईल म्हणून मग डबा. पहिल्या खेपेला बेतानं टाकलं, दुसऱ्या खेपेला जास्त झालं, तिचं माप अंदाजाचं असतं. मी विचारलं, दोन तास गाडीत बसून करतेस काय?

"काही नाही. बसते. दोन तास कुणी विचारत नाही, काय करतेस." मग रस्त्याकडे बघत, "तुम्ही घरी राहायला लागल्यापासून मला घरात जागाच उरली नाही. भांडण नाही हो माझं. जागा नाही, एवढंच."

सिग्नलला जोरात ब्रेक लावला.

२५ मे

मंडळातून बाहेर पडलो. कमांडरनं 'दात घट्ट ठेवा' असा संदेश पाठवला, तो कोणत्या अर्थानं ते कळलं नाही.

कराराप्रमाणे गाडी हरली. सहा टाक्यांचा एकूण नऊ पूर्णांक सहा, तोही भेसळीचा. सकाळी हिला विचारलं, कुठला रंग? ती म्हणाली, "गाडी विकायची नाही." आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. म्हणजे जी नको म्हणत होती तीच आता सोडायला तयार नाही.

'जागा नाही' या वाक्यावर दिवसभर विचार केला. आमचं घर सातशे ऐंशी चौरस फूट आहे, मी स्वतः फीत लावून मोजलंय. माणसं दोन. गाडीचा पुढचा भाग पस्तीस चौरस फूटसुद्धा नाही. मापानं बघितलं तर हे कुठेच बसत नाही. रागही आला. चार वेळा स्कूटरवर वीस-वीस लिटर आणणारी बाई मला एक शब्द बोलू शकली नाही?

मग डोक्यात प्रकाश पडला. बिचारी दुपारची एकटी पडते. मी कापूस घालून घोरत असतो, लेक लांब, बोलायला कुणी नाही, म्हणून रेडिओ. माझंच चुकलं. ठरवलं, उद्यापासून दुपारची झोप बंद. मीही खाली जाऊन तिच्याजवळ बसणार. चहा घेऊन.

२६ मे

झोपलो नाही. ती गेल्यावर दहा मिनिटं थांबलो, चहा केला. लाल रेघेच्या वाटीनं पाणी मोजून घेतलं, दोन कप भरले आणि मागच्या अंगणात उतरलो.

गाडी भिंतीच्या सावलीत होती, इंजिन चालू. काच बंद. ती ड्रायव्हरच्या सीटवर मागे रेलली होती, चपला काढलेल्या, दोन्ही पाय वर, स्टिअरिंगच्या बाजूला काचेला टेकवलेले. सोफ्याची उशी मानेखाली. डोळे मिटलेले आणि तोंडानं गाण्याबरोबर काहीतरी पुटपुटत होती. एकतीस वर्षांत मी तिला पाय वर करून बसलेली पाहिलेली नाही. मला ते फार आवडलं. मी कोपरानं काचेवर टकटक केली.

तिनं डोळे उघडले. पाय खाली घेतले, पदर सारखा केला, रेडिओ बारीक केला, सगळं एका झटक्यात. आणि तिचा चेहरा. तो चेहरा मी ओळखतो. मी तपासणीला दुकानात शिरलो की गल्ल्यावरच्या माणसाचा व्हायचा तो. काही लपवलेलं नसलं तरी व्हायचा. त्या चेहऱ्याचा मला एकेकाळी अभिमान होता, घरी येऊन हिलाच रंगवून सांगायचो.

तिनं काच चार बोटं खाली केली. एक कप आत घेतला. "बरा झालाय," एक घोट घेऊन म्हणाली. माझ्याकडे बघून जरा हसलीसुद्धा. आत या म्हणाली नाही. मी उभाच होतो. मग तिनं बटण दाबलं आणि काच हळूहळू वर गेली.

तेव्हा मला कळलं. फीत, वाटी, भागाकार, कशानंही न कळलेलं त्या चार बोटांत कळलं. ती एकटी नव्हती पडत. ती एकटी व्हायला येत होती, माझ्यापासून, आणि मी चहा घेऊन तिथेही पोचलो होतो.

मी कप भिंतीवर ठेवला आणि फाटकातून बाहेर पडलो. भर उन्हात, चपला घालून, कुठे जायचं ते न ठरवता. बाजारात एकाही तराजूकडे पाहिलं नाही. वाचनालयाच्या ओट्यावर बसलो, तिथे माझ्यासारखे आणखी तिघं निवृत्त बसले होते, तेही बहुतेक कुणाच्या तरी दुपारीतून बाहेर पडलेले. त्यांच्याशी राजकारणावर भांडलो. चारला उठलो आणि परत आलो.

अंगणात इंजिन अजून चालू होतं. आतून गाणं ऐकू येत होतं, आता मोठ्यानं. तिचे पाय पुन्हा वर होते. मी फाटकाशी थोडा वेळ थांबलो, आवाज न करता मागे वळलो आणि आणखी अर्धा तास फिरून आलो.